एका पौंडाला पाच अंक

इंग्लंडात, स्टॅफर्डशरमधल्या स्टोक शहराजवळच्या एका गावात, चर्चच्या हॉलमध्ये, मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन होतं. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याला निळं थॉमस इंजिन बघायचं होतं. बाहेर पाऊस, आत ओल्या कोटांचा वास. बापलेक गर्दीत घुसले आणि मी टेकायला जागा शोधत कोपऱ्यात गेले. तिथे टेबलाखाली केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत जुनी मासिकं उभी लावून ठेवली होती. पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिलं होतं : पाच अंक, एक पौंड.

वेळ काढायला म्हणून एक उचलला. आत एका छोट्या रेल्वेवर लेख होता, लीक अँड मॅनिफोल्ड नावाच्या. कृष्णधवल फोटोत कपाळावर भलामोठा दिवा लावलेलं इंजिन. इंग्लंडातल्या इंजिनांना असा दिवा नसतो, म्हणून नजर थांबली. खाली दुसऱ्याच परिच्छेदात शब्द दिसला : बार्सी. बार्शी नाही, बार्सी. इंग्रजीत रेल्वेने तो कायम तसाच लिहिला.

मी कुर्डुवाडीची. माझे वडील, अप्पा, तिथल्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट ही छोट्या रुळांची रेल्वे आमच्या घराच्या मागच्या अंगाने जायची. आषाढीला तिच्या टपावर माणसं बसलेली असायची आणि आई म्हणायची, 'आपण आपलं गर्दी ओसरल्यावर जाऊ.' त्या गाडीचं नाव स्टॅफर्डशरमधल्या केळ्यांच्या खोक्यात सापडावं, हे काही पटेना. उभ्यानेच सगळा लेख वाचून काढला. टेबलामागचे म्हातारे गृहस्थ दोनदा खाकरले.

मला एकच अंक हवा होता. ते म्हणाले, एकाचे वीस पेन्स सुट्टे नसतील तर आणखी चार घ्या. घेतले. पुढच्या सगळ्या भानगडीला ते चार अंकच कारणीभूत आहेत.

लेखात होतं ते थोडक्यात सांगते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला. अडीच फूट रुंदीच्या रुळावरही चांगली दणकट, मालाने भरलेली रेल्वे चालवता येते, फक्त प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. ते त्याने आमच्याकडे सिद्ध केलं. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आमची कुर्डुवाडी, ते बार्शी गाव अशी लाइन सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. मधल्या काळात हाच माणूस स्टॅफर्डशरमधल्या या लीक अँड मॅनिफोल्डचा सल्लागार झाला आणि बार्शीचा अनुभव त्याने तिथे वापरला. अडीच फुटांचेच रूळ, लीड्सच्या किटसन कारखान्याचीच इंजिनं, आणि कपाळावर तो दिवा. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. जेमतेम आठ मैलांची लाइन. नंतर गृहस्थाने अरबी घोडे पाळले आणि विमानातून उडी मारायची पॅराशूटं बनवली. बार्शीला त्याचा पुतळा असेल तर मी तरी पाहिलेला नाही.

हे सगळं आज फोनवर दोन मिनिटांत सापडतं, मला माहीत आहे. पण शोधायला आधी 'कॅलथ्रॉप' हे नाव माहीत हवं ना. मी इतकी वर्षं कुर्डुवाडीत वाढले, नंतर इंग्लंडात राहिले, मला ते कधी शोधावंसं वाटलं नव्हतं.

आता त्या चार अंकांबद्दल.

रात्री मुलगा झोपल्यावर सहज चाळायला घेतले. पहिल्या आठवड्यात निम्मं कळलं नाही. मॉडेलवाल्यांची भाषा वेगळी आहे. सगळं मापावर चालतं. इकडे सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये चार मिलीमीटर. माणूस उभा केला तर इंचापेक्षा कमी. अंकांत दर महिन्याला कुठल्या तरी डब्याचं, वाघिणीचं (म्हणजे मालाच्या डब्याचं), स्टेशनाचं बारीक रेघांत काढलेलं चित्र असतं, तेही याच मापात. पानावर फूटपट्टी ठेवायची, मोजायचं आणि कापायचं. सांगणारा आणि करणारा यांच्यात दुसरं काही येत नाही. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट. तरीही पहिल्यांदा पानावर पट्टी ठेवली तेव्हा अप्पांच्या टेबलावरचा निळा कागद आठवला.

मग जाहिराती. मला तर लेखांपेक्षा आधी जाहिरातीच आवडायला लागल्या. एका अंकात किमती शिलिंग आणि पेन्सांत होत्या. कुठल्याशा गल्लीतलं दुकान, मालकाचं आडनाव, टपालखर्च वेगळा. वाचकांची पत्रं तर तमाशाच. एक जण लिहितो की अमुक रेल्वेच्या डब्यांचा हिरवा रंग तुम्ही चुकीचा दिलात. पुढच्या अंकात दुसरा लिहितो की माझे वडील तिथे रंगारी होते, तोच बरोबर आहे. पुढचा अंक माझ्याकडे नव्हता, म्हणून तो मिळवायला मी दुसऱ्या प्रदर्शनाला गेले. अशी सवय लागली.

नावं ओळखीची झाली. 'रेल्वे मॉडेलर' १९४९ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि अजून दर महिन्याला निघतं. रूळ बनवणारी पेको कंपनीच ते काढते, डेव्हनमधल्या बिअर नावाच्या गावातून. (गावाचं नाव ऐकल्यावर नवऱ्याला या छंदात पहिल्यांदा आणि शेवटचा रस वाटला.) त्याआधीचं 'मॉडेल रेल्वे न्यूज' १९२५ चं. एडिंबरोच्या पी. डी. हॅनकॉक यांचे लेख मी पुन्हा पुन्हा वाचले. चार मिलीमीटरच्या मापात नॅरोगेज करता येतं हे लोकांना ज्यांनी दाखवलं, त्यांतले ते पहिले. स्वतः कल्पून केलेली त्यांची रेल्वे वाचकांनी वर्षानुवर्षं अंकांतूनच पाहिली. प्रत्यक्ष पाहिलेले किती असतील!

घरात मासिकं वाढायला लागली. इथे रद्दीवाला नसतो, हे तेव्हा जाणवलं. कुर्डुवाडीत दाराशी काटा घेऊन माणूस येतो आणि वर पैसे देऊन जातो. इथे दुकानं जुनी मासिकं फुकटसुद्धा घेत नाहीत. टाकायची तर गाडीत भरून कचरा केंद्रावर न्यायची. म्हातारा मॉडेलवाला गेला की त्याच्या बायकोला पहिला प्रश्न या गठ्ठ्यांचाच पडतो. म्हणून तर ते केळ्यांच्या खोक्यांत येतात. माझ्या एका गठ्ठ्यात आधीच्या मालकाने पेन्सिलीने समासात लिहिलं होतं : 'करून पाहिलं, चालत नाही.' कुठलं तंत्र, तर वाळवलेला चहाचा चोथा जमिनीवर पसरून माती दाखवायची.

त्याचं ऐकायला हवं होतं. मी चोथा वाळवला, गोंदावर पसरला, काय सुरेख माती दिसली! आठव्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी. लेख लिहिणारा इंग्रज नुसतं पाणी ओतून चहा करत असणार. आमच्या चोथ्यात दूध, साखर, आलं. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात बर्फ पडला, म्हणत मुलगा खूश.

पण मुख्य काम होतं ते वाघिणीचं. त्या पहिल्या अंकात, ज्यात बार्सी सापडली, एक चित्र होतं. मॅनिफोल्डवर मोठ्या रेल्वेच्या वाघिणी आत आणायच्या तर माल उतरवून पुन्हा चढवायला नको, म्हणून कॅलथ्रॉपने वाहक गाडी केली होती. खाली अडीच फुटी रुळावर चालणाऱ्या दोन बोगी, म्हणजे चाकांचे गाडे, वर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर मोठ्या मापाचे रूळ. मोठी वाघीण ढकलत त्यावर चढवायची आणि पाठीवर पोर घेतल्यासारखी खोऱ्यातून न्यायची. इंजिन करायची माझी ऐपत नव्हती, हातही नव्हता. हे मात्र सरळ रेघांचं काम वाटलं.

इथे एक कबुली. अडीच फुटांचे रूळ चार मिलीमीटरच्या हिशेबाने दहा मिलीमीटर रुंद हवेत. बाजारात तयार मिळतात ते नऊ मिलीमीटरचे, म्हणजे खऱ्यात सव्वादोन फूट. याला डबल-ओ-नाइन म्हणतात आणि बहुतेक लोक गुपचूप तेच वापरतात. शुद्धतावाद्यांची पत्रं याच विषयावर असतात. मी नऊच घेतले. तीन इंचांसाठी रूळ हाताने घडवायला मी काही वर्कशॉपातली नाही.

सामान साधं. प्लॅस्टिकचे पांढरे पत्रे, धारदार कटर, स्टीलची फूटपट्टी, छोटा गुण्या, बारीक कानस, आणि पत्रे जोडायचं द्रावण. ते कुंचल्याने फटीत सोडलं की प्लॅस्टिक विरघळून एकजीव होतं. पत्रा आरपार कापायचा नसतो. पट्टी दाबून धरायची, दोन-तीन वेळा हलकी रेघ ओढायची आणि मग मोडायचा. टक् असा आवाज येतो. रेघ सरळ असली तर कड आरशासारखी येते. पहिल्या संध्याकाळी सांगाड्याची एक बाजू झाली. कर्कटकाने पानावरून एकेक माप उचलून पत्र्यावर उतरवलं, त्यातच दोन तास गेले.

दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. इतकं मोजत कशाला बसायचं? पान स्कॅन केलं, घरच्या प्रिंटरवर छापलं, कागद पत्र्यावर चिकटवला आणि रेघांवरून कापून घेतलं. वीस मिनिटांत दुसरी बाजू तयार. दोन्ही बाजू गुण्याला लावून उभ्या केल्या आणि आडव्या पट्ट्या बसेनात. एक टोक जुळवलं की दुसरं वाकडं. मी पट्ट्या कानसत राहिले, द्रावण सांडलं, टेबलाच्या पॉलिशला भोक पडलं. शेवटी दोन्ही बाजू एकीवर एक ठेवल्या. तीन मिलीमीटरचा फरक! खऱ्या गाडीत नऊ इंच.

प्रिंटरने पानावर नीट मावावं म्हणून आपल्या मनाने चित्र ९७ टक्के केलं होतं. तसा एक खुणेचा चौकोन पडद्यावर होता, तो मी पाहिलाच नव्हता. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. चित्राच्या तळाशी एक छोटी पट्टी काढलेली होती, शून्य ते दहा फूट. ती मी शोभेची समजत होते. मोजली. मासिकात बरोबर चाळीस मिलीमीटर, माझ्या कागदावर एकोणचाळीसलाही पोचत नव्हती. चित्र काढणाऱ्याला ठाऊक होतं की कोणीतरी, कधीतरी, हे वाकडंतिकडं छापणार आहे. त्याने पन्नास वर्षांपूर्वीच इशारा देऊन ठेवला होता.

दुसरी बाजू पुन्हा केली, कर्कटकाने. अंकाच्या त्या पानावर आता द्रावणाचा एक पारदर्शक डाग आहे, चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ आहे, आणि टोचण्याची बारीक भोकं आहेत.

याच सुमाराला एका प्रदर्शनात मी बोगीची तयार चाकं घ्यायला एका टेबलापाशी उभी होते. विकणारा माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाला, 'मिस्टरांना कुठल्या मापाची हवीयेत?' मी आसाची लांबी, चाकाचा व्यास, सगळं सांगितलं. त्याने दिली, पण पावती नवऱ्याच्या हातात ठेवली. नवऱ्याच्या एका हातात मुलगा होता आणि दुसऱ्यात आइस्क्रीम. यावर मी एका मासिकाला पत्र लिहिणार होते. अजून लिहिलेलं नाही.

एका रविवारी तो अंक घेऊन आम्ही मॅनिफोल्डच्या खोऱ्यात गेलो. रूळ कधीच उखडले गेले. १९३७ पासून त्या वाटेवर चालायचा रस्ता आहे. स्वेन्सलीचा बोगदा अजून आहे, त्यातून मोटारी जातात. अंकातला फोटो हातात धरून मी मागे-पुढे सरकत राहिले, डोंगराची कड आणि फोटोतली कड जुळेपर्यंत. जुळली तेव्हा कळलं की फोटोवाला अगदी तिथेच उभा असणार, जिथे आता बाक आहे. मुलगा म्हणाला, 'ट्रेन कुठंय?' त्याला थॉमसचंही आता काही राहिलं नव्हतं.

डिसेंबरात कुर्डुवाडीला गेले तेव्हा वाघीण सोबत नेता येईना. हातात धरली तरी मोडली असती. अंक नेला आणि वाघिणीचे फोटो फोनवर. अप्पा ऐंशीच्या घरात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फोन हातात घेतला, बोट लागलं, फोटो उडून दुसराच आला. 'ह्ये सरकतंय सारखं,' म्हणून परत दिला.

मग अंक दिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. चित्राचं पान उघडलं, अंगणात उन्हाला नेलं, खाटेवर पालथा हात ठेवून वाकले. अंगठ्याच्या नखाने सांगाड्यावरून हळूहळू गेले, डावीकडून उजवीकडे. मग अंक उलटा फिरवून पुन्हा. पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत.

'कुणी काढलंय?'

'नाव नाही अप्पा. जुना अंक आहे.'

'चांगला हात आहे. वर वाघीण चढवली, बरं. उतारावर घरंगळली तर? चाकाला अडसर कुठाय?'

मला काही सांगता येईना. त्यांनीच नख टेकवलं. रुळाच्या टोकाशी एक बारीक, जाडसर खूण होती. मी तिला शाईचा डाग समजले होते आणि माझ्या मॉडेलमध्ये तिथे काहीच नव्हतं. अप्पांना शब्द एक कळत नव्हता, पण तिथे काहीतरी असलंच पाहिजे हे त्यांना आधी माहीत होतं, आणि मग ते दिसलं. मग बोगीच्या खिळीबद्दल बोलले, वाफेच्या दिवसांत अमुक भाग कसा झिजायचा याबद्दल बोलले. आईने दोनदा जेवायला हाक मारली. फोटोतल्या इंजिनाच्या दिव्याकडे बघून म्हणाले, 'ह्यो आपला दिवा.' एवढंच.

निघायच्या दिवशी मी बॅगेत अंक शोधला. अप्पा म्हणाले, 'राहू दे चार दिवस. वर्कशॉपातल्या दोघा-चौघांना दाखवतो. कुरिअरनं धाडतो.'

चार दिवसांचे चार महिने झाले. फोन केला की उत्तर यायचं, अमक्याकडे आहे, त्याने चष्मा बदललाय, आता नीट बघतो म्हणतो. इकडे माझं काम अडलेलं. अडसर बसवायचा होता आणि त्याचं माप त्या पानावर. स्कॅन होतं, पण ९७ टक्क्यांनंतर माझा त्यावरचा विश्वास उडाला होता, आणि त्यात ती खूण खरंच डागासारखी दिसत होती. प्रिंटरने तिला पुसट करून टाकलेलं.

म्हणून तोच अंक पुन्हा शोधायला लागले. तीन प्रदर्शनं झाली. चौथ्यात, एका शाळेच्या जिमखान्यात, तोच रंग, तेच मुखपृष्ठ. पन्नास पेन्स. न बघता घेतला, गाडीत बसून उघडला. लेख होता, बार्सी होती, दिवा होता. चित्राचं पान मात्र नव्हतं. कोणीतरी पट्टी लावून, कटरने, मधली शिवण न दुखवता कापून नेलं होतं. काम इतकं सफाईदार होतं की रागसुद्धा धड येईना. तो माणूस वाघीण करत असणार, दुसरं काय.

घरी येऊन अप्पांना फोन लावला. म्हटलं, 'अप्पा, अंक कुठंय?'

'पंढरपूरला होता. आता मिरजेला गेलाय, एक जण पेन्शनीत तिकडं राहायला गेलाय त्याच्याकडं. तिथनं लातूरवाल्यानं मागितलाय.'

'माझं काम थांबलंय त्याच्यापायी.'

'मग अडसर अंदाजानं बसव की. चाकाच्या पाव उंचीचा धर. घरंगळली तर सांग.'

बसवला. अजून तरी घरंगळलेली नाही.